वाचकांचे प्रश्न : ब्रिटनचा कौल, वर्षभरानंतर

मागील अंकात ब्रिटनमधील मजूर (लेबर) पक्षाच्या कीर स्टार्मर सरकारच्या वर्षपूर्तीवर एक टिपण प्रसिद्ध झाले आणि त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. त्यातील एका वाक्याने काही वाचक दुखावले आहेत. ‘मजूर पक्षाचे बहुमत मोठे आहे, पण ती वळवाच्या सरीची ओल आहे, माती वरून भिजली, खाली कोरडीच राहिली,’ असे आम्ही लिहिले होते. या वाक्याचे समर्थन आम्हाला करावे लागणार, हे उघड आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : चौतीस टक्क्यांहूनही कमी मते आणि ६५० पैकी ४११ जागा, ही छपाईची चूक तर नाही? आणि नसेल, तर नियमानुसार मिळालेल्या बहुमताला वरवरचे म्हणणे हा पराभूतांचा रडीचा डाव नव्हे काय? (एक निवृत्त गणित शिक्षक)

उत्तर : आकडे बरोबर आहेत. ४ जुलै २०२४ रोजी मजूर पक्षाला ३३.७ टक्के मते मिळाली आणि तेवढ्या बळावर हाऊस ऑफ कॉमन्सच्या सुमारे ६३ टक्के जागा त्याच्या पदरात पडल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर इतक्या कमी टक्केवारीवर कोणत्याही पक्षाने स्पष्ट बहुमत मिळवलेले नव्हते; याआधीचा नीचांक २००५ मध्ये टोनी ब्लेअर यांच्या तिसऱ्या विजयाच्या वेळचा, ३५.२ टक्क्यांचा होता. आपण गणिताचे शिक्षक असल्यामुळे आणखी एक ताळा मांडतो. जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली २०१९ मध्ये मजूर पक्ष २०२ जागांवर कोसळला, तेव्हा त्याला १ कोटी २ लाखांहून अधिक मते होती. कीर स्टार्मर यांना ४११ जागा मिळाल्या त्या सुमारे ९७ लाख मतांवर. मतदानच ६७.३ टक्क्यांवरून ५९.७ टक्क्यांवर घसरल्यामुळे टक्केवारी किंचित वाढलेली दिसते. प्रत्यक्षात मते घटली आणि जागा दुपटीहून अधिक झाल्या.

हे कसे घडते, ते पाहण्यासाठी देशभराच्या बेरजांपेक्षा एकच मतदारसंघ जवळून पाहावा. साऊथ वेस्ट नॉरफोक हा पूर्व इंग्लंडमधील शेतीप्रधान मतदारसंघ, हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचा बालेकिल्ला आणि माजी पंतप्रधान लिझ ट्रस यांची जागा. २०१९ मध्ये त्या येथून २६ हजारांच्या मताधिक्याने निवडून आल्या होत्या. २०२४ मध्ये मजूर पक्षाचे टेरी जर्मी यांना ११,८४७ मते पडली, ट्रस यांना ११,२१७, रिफॉर्म यूके या कडव्या उजव्या पक्षाच्या उमेदवाराला दहा हजारांना थोडी कमी, तर ट्रस यांच्यावर रुसून अपक्ष उभ्या राहिलेल्या एका स्थानिक हुजूरपंथीयाला सहा हजारांहून अधिक. जर्मी यांची मते एकूण मतांच्या जेमतेम २७ टक्के होती. म्हणजे दर चारांतील जवळजवळ तिघांनी त्यांना नाकारले होते; पण ती नाकारणारी मते तीन-चार ठिकाणी विभागली गेली आणि ६३० मतांनी ते खासदार झाले. एकेकाळी भक्कम असलेली मतपेढी उजवीकडे दुभंगली आणि दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ झाला. अशा जागा देशभर होत्या.

आता रडीच्या डावाबद्दल. सर्व पक्ष एकाच नियमाने खेळले, त्यामुळे विजय पूर्णपणे वैध आहे आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, जागांची संख्या सरकार किती काळ चालेल हे सांगते आणि मतांची संख्या ते किती ओझे पेलू शकेल हे सांगते. ब्रिटनमध्ये या दोन संख्यांतील अंतर यापूर्वी कधी एवढे पडले नव्हते. शिवाय ही मते मजूर पक्षावरील प्रेमापोटी पडली, असेही फारसे कोणी म्हणत नाही. हुजूर पक्षाला घालवायचे होते आणि ‘दगडापेक्षा वीट मऊ’ म्हणून बऱ्याच जणांनी वीट उचलली.

प्रश्न : रिफॉर्म यूकेला ४१ लाख मते मिळूनही पाच जागा आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाला त्याहून कमी मते मिळूनही ७२ जागा. यात काही लबाडी तर नाही?

उत्तर : लबाडी नाही, भूगोल आहे. रिफॉर्मची १४.३ टक्के मते देशभर पातळ पसरलेली होती. ९८ मतदारसंघांत त्या पक्षाचा उमेदवार दुसरा आला आणि दुसऱ्या क्रमांकाला या पद्धतीत काहीच बक्षीस नाही. लिबरल डेमोक्रॅटांची मते सुमारे ३५ लाख, म्हणजे १२.२ टक्के, २०१९ च्या ११.६ टक्क्यांपेक्षा फार वाढली नव्हती. तरीही त्यांच्या जागा तेव्हाच्या ११ वरून ७२ झाल्या, कारण पक्षाने दक्षिण आणि नैर्ऋत्य इंग्लंडमधील मोजक्या, सुखवस्तू, हुजूर पक्षाला कंटाळलेल्या मतदारसंघांत सारी शक्ती ओतली आणि इतरत्र हात आखडता घेतला. त्यांचे नेते एड डेव्ही प्रचारात विंडरमियर सरोवरात फळीवरून पाण्यात पडताना आणि पुढे उंचावरून दोर बांधून उडी मारताना दिसले, तेव्हा हा पोरखेळ चालला आहे असे अनेकांना वाटले. पोरखेळ वरवरचा होता. खाली घरोघरी जाऊन केलेली अत्यंत थंड डोक्याची आकडेमोड होती.

सरासरी काढली तर एका खासदारामागे मजूर पक्षाला सुमारे २३,६०० मते लागली, लिबरल डेमोक्रॅटांना सुमारे ४९ हजार आणि रिफॉर्मला सव्वाआठ लाख. चार जागा मिळवणाऱ्या ग्रीन पक्षाची कैफियतही रिफॉर्मसारखीच आहे, फक्त तिचा गाजावाजा कमी होतो.

प्रश्न : हुजूर पक्षाचे एवढे पानिपत का झाले? ऋषी सुनक यांना तेथील मतदारांनी मनापासून स्वीकारलेच नाही, असे समजायचे का?

उत्तर : सुनक यांच्या वंशामुळे पक्ष हरला, हे सोपे उत्तर अनेक पत्रांत सुचवले आहे, आम्हाला ते पटत नाही. पराभव त्यांच्या हाती सूत्रे येण्यापूर्वीच बराचसा शिजला होता. करोनाच्या निर्बंधांत लोक आप्तांच्या अंत्यविधीलाही जाऊ शकत नव्हते, त्या काळात पंतप्रधानांच्या निवासस्थानी मेळावे झाले आणि त्यावरून बोरिस जॉन्सन यांना पोलिसांनी दंड केला (सुनक यांनाही झाला, हे विसरता कामा नये). त्यानंतर २३ सप्टेंबर २०२२ रोजी ट्रस सरकारने निधीची तजवीज न सांगता सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. सरकारी रोख्यांचे भाव कोसळले, निवृत्तिवेतन निधी अडचणीत आले आणि बँक ऑफ इंग्लंडला बाजारात उतरावे लागले. गृहकर्जाचा हप्ता वाढलेल्या माणसाला अर्थशास्त्र शिकवावे लागत नाही. ट्रस यांची कारकीर्द ४९ दिवसांत संपली, पण ‘पैशाचा कारभार हुजूर पक्षालाच कळतो’ ही त्या पक्षाची पिढीजात पुंजी त्या ४९ दिवसांत गेली, ती परत आली नाही. त्यात सार्वजनिक आरोग्यसेवेत उपचारांसाठी थांबलेल्यांची लांबच लांब यादी आणि स्थलांतर कमी करण्याची न पाळलेली वचने यांची भर पडली.

सुनक यांच्या पदरी स्वतःच्या चुकाही आहेत. २२ मे रोजी डाउनिंग स्ट्रीटवर भर पावसात, छत्रीविना, सूट भिजत असताना त्यांनी निवडणूक जाहीर केली, तेव्हाच प्रचाराचा रंग ठरला. ६ जूनला नॉर्मंडी येथील दोस्तसैन्याच्या आक्रमणाच्या ८० व्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम अर्ध्यावर सोडून ते मायदेशी परतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना माफी मागावी लागली. मात्र सर्वांत मोठा घाव ३ जूनचा होता. त्या दिवशी रिफॉर्मचे नायजेल फराज यांनी स्वतः निवडणूक लढवण्याची घोषणा केली. २०१९ मध्ये त्यांच्या तेव्हाच्या पक्षाने हुजूर पक्षाच्या ताब्यातील ३१७ जागांवर उमेदवारच दिले नव्हते. या वेळी ती मेहेरनजर नव्हती.

परिणाम असा की, ३६५ जागा जिंकलेला पक्ष १२१ वर आला. १९०६ च्या दारुण पराभवातही त्याच्याकडे १५६ जागा होत्या. चौदा वर्षांत पक्षाने पाच पंतप्रधान दिले. त्यांपैकी कॅमेरून यांचे विटनी आणि थेरेसा मे यांचे मेडनहेड लिबरल डेमोक्रॅटांकडे गेले, जॉन्सन यांचे अक्सब्रिज आणि ट्रस यांचे साऊथ वेस्ट नॉरफोक मजूर पक्षाकडे. पाचांतील एकट्या सुनक यांना यॉर्कशरमधील आपली जागा राखता आली. मतदारांनी त्यांना स्वीकारले नाही, या अनुमानाला निदान त्यांच्या मतदारसंघाने तरी दुजोरा दिलेला नाही.

प्रश्न : माझा मुलगा मँचेस्टर येथे शिकतो आणि त्याच्याकडे भारतीय पारपत्र आहे. तरीही त्याने या निवडणुकीत मतदान केल्याचे सांगितले. हे कायदेशीर आहे का? आम्ही काळजीत आहोत.

उत्तर : काळजी करू नये, चिरंजीवांनी कायदा मोडलेला नाही. वैध परवानगीने ब्रिटनमध्ये राहणारा, १८ वर्षे पूर्ण केलेला राष्ट्रकुल देशांचा नागरिक तेथील संसदेच्या निवडणुकीत मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो. ब्रिटिश नागरिकत्वाची अट नाही. अनेक भारतीय विद्यार्थ्यांना हा हक्क आहे हेच ठाऊक नसते, त्यामुळे मुलाचे कौतुकच करावे.

त्याने जे पाहिले असेल तेही थोडे सांगण्यासारखे आहे. सकाळी ७ पासून रात्री १० पर्यंत मतदान चालते, तेही शाळेत, चर्चच्या सभागृहात, क्वचित एखाद्या पबच्या मागच्या खोलीत. यंत्र नाही. कागदी मतपत्रिका आणि फळ्यांच्या आडोशात बऱ्याचदा दोरीला बांधलेली शिसपेन्सिल; आपल्या उमेदवारासमोर फुली मारायची. आपण चूक दाखवण्यासाठी फुली मारतो, तेथे पसंती दाखवण्यासाठी मारतात. छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवण्याची सक्ती ग्रेट ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणुकीला या वेळी प्रथमच होती आणि तीवरून वादही झाला, कारण ज्येष्ठांचा बसचा पास चालत होता, पण विद्यार्थ्यांचे ओळखपत्र चालत नव्हते. राष्ट्रकुल देशांचे पारपत्र मात्र मान्य यादीत होते. मतपेट्या रात्रीच क्रीडासंकुलांत आणून हाताने मोजतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मावळत्या पंतप्रधानांचे सामान बाहेर, नव्यांचे आत. डाउनिंग स्ट्रीटवरील लॅरी हे मांजर तेवढे २०११ पासून जागचे हललेले नाही. स्टार्मर हे त्याच्या कारकिर्दीतील सहावे पंतप्रधान.

प्रश्न : स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याची मागणी आता संपली, असे म्हणावे का?

उत्तर : संपली असे म्हणणे घाईचे होईल. ही मागणी करणारी स्कॉटिश नॅशनल पार्टी ४८ जागांवरून ९ वर आली आणि मजूर पक्ष एका जागेवरून ३७ वर गेला, हे खरे आहे. पण ५७ पैकी ३७ जागा जिंकणाऱ्या मजूर पक्षाला तेथे सुमारे ३५ टक्के मते होती आणि नऊवर आलेल्या पक्षाला ३० टक्के. पाच टक्क्यांचे अंतर जागांमध्ये चौपट होऊन दिसले. इंग्लंडमध्ये जे घडले तेच येथे घडले. त्या पक्षाच्या नेत्या निकोला स्टर्जन यांचे पायउतार होणे, त्यानंतर आलेले हमझा युसूफ यांचे सुमारे तेरा महिन्यांत जाणे आणि पक्षाच्या आर्थिक व्यवहारांची पोलीस चौकशी यांमुळे लोक पक्षावर रागावले होते. स्वातंत्र्याच्या प्रश्नावर त्यांचे मत बदलले असे निकालावरून सिद्ध होत नाही.

वेल्समध्ये हुजूर पक्षाला ३२ पैकी एकाही जागेवर भोपळा फोडता आला नाही. उत्तर आयर्लंडचे राजकारण वेगळ्याच रुळांवरून धावते आणि तेथे आयर्लंडच्या एकीकरणाची मागणी करणारा सिन फेन सात जागांसह सर्वांत मोठा पक्ष ठरला. मात्र राजनिष्ठेची शपथ घ्यायची नाही या जुन्या धोरणानुसार त्याचे खासदार लंडनच्या सभागृहात बसत नाहीत. नॉर्थ अँट्रिमची जागा १९७० पासून पेझली पितापुत्रांकडे होती. ती ४५० मतांनी गेली, आणि गेली ती त्यांच्याहूनही कडव्या ब्रिटननिष्ठ उमेदवाराकडे.

प्रश्न : सगळीकडे मजूर पक्षाची लाट असताना लेस्टर शहरात तो पक्ष कसा हरला?

उत्तर : हा प्रश्न आम्हाला विशेष आवडला, कारण लेस्टरमध्ये सारा देश एका बशीत पाहायला मिळतो. लेस्टर ईस्ट ही गुजराती वस्ती मोठ्या प्रमाणात असलेली जागा मजूर पक्षाकडे १९८७ पासून होती. २०२४ मध्ये ती हुजूर पक्षाच्या शिवानी राजा यांनी ४,४२६ मतांनी जिंकली आणि त्या दिवशी हुजूर पक्षाने दुसऱ्या पक्षाकडून हिसकावून घेतलेली ती देशभरातील एकमेव जागा ठरली. मजूर पक्षाचे अधिकृत उमेदवार राजेश अगरवाल होते. पण त्याच पक्षाचे दोन माजी खासदार, कीथ वाझ आणि क्लॉडिया वेब, तेथे विरोधात उभे राहिले आणि दोघांनी मिळून नऊ हजारांहून अधिक मते घेतली. ट्रस यांना नॉरफोकमध्ये ज्या फाटाफुटीने पाडले, तिनेच येथे मजूर पक्षाला पाडले.

शेजारच्या लेस्टर साऊथमध्ये कारण वेगळे होते. तेथे मजूर पक्षाचे वजनदार नेते जोनाथन ॲशवर्थ ९७९ मतांनी हरले, ते शोकत ॲडम या अपक्षाकडून, आणि प्रचाराचा मुख्य विषय गाझा होता. ब्लॅकबर्न, बर्मिंगहॅम पेरी बार आणि ड्यूजबरी अँड बॅटली येथेही मुस्लिम मतदारांच्या नाराजीवर अपक्ष निवडून आले. पक्षातून बाहेर काढलेले कॉर्बिन यांनीही इस्लिंग्टन नॉर्थची आपली जागा अपक्ष म्हणून सात हजारांहून अधिक मतांनी राखली. ज्या वस्त्यांना मजूर पक्ष घरचे मतदार मानत आला, तेथे उंबरठा ओलांडताना आता विचारून जावे लागते.

प्रश्न : सरकार बदलल्याचा भारताशी झालेल्या व्यापार करारावर काय परिणाम झाला?

उत्तर : वेग वाढला, दिशा बदलली नाही. वाटाघाटी जॉन्सन यांच्या काळात जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाल्या, मे २०२५ मध्ये पूर्ण झाल्या आणि २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनमध्ये करारावर सह्या झाल्या. वाद झाला तो तात्पुरत्या नेमणुकीवर येणाऱ्या भारतीय कर्मचाऱ्यांना तीन वर्षे तेथील सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीतून मिळणाऱ्या सवलतीवर. हुजूर आणि रिफॉर्म या दोन्ही पक्षांनी तीवरून सरकारला धारेवर धरले. अशीच व्यवस्था ब्रिटनची इतर अनेक देशांशी आधीपासून आहे, हे त्या गदारोळात मागे पडले.

प्रश्न : दीडशेहून अधिक जागांचे मताधिक्य असलेल्या सरकारला वर्षभरात दोन-दोनदा माघार का घ्यावी लागली? स्टार्मर कणखर नाहीत की काय?

उत्तर : स्टार्मर यांच्या स्वभावाचा भाग आहेच; पेशाने वकील असलेल्या या गृहस्थाला कागद वाचता येतो तेवढी सभागृहाची नाडी वाचता येत नाही, असे आमचे मत झाले आहे. पण खरे कारण त्या ओलीत आहे, जिच्याबद्दल आम्ही सुरुवातीला लिहिले.

२९ जुलै २०२४ रोजी, सत्तेवर येऊन महिनाही झाला नव्हता तोच, अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी (त्या ब्रिटनच्या पहिल्या महिला अर्थमंत्री) आधीच्या सरकारने तिजोरीत २२ अब्ज पौंडांचे भगदाड ठेवल्याचे सांगून निवृत्तांना हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी मिळणारा भत्ता फक्त गरिबांपुरता मर्यादित केला. रक्कम घरटी २०० ते ३०० पौंड, म्हणजे सरकारी हिशेबात किरकोळ. पण सुमारे एक कोटी वृद्धांचा तो बंद झाला. कुणाची आजी, कुणाचे वडील. एवढ्या घरांत एकाच वेळी रोष पोहोचवणारा दुसरा निर्णय शोधून सापडला नसता. वर्षभर टीका सोसून जून २०२५ मध्ये सरकारने पाऊल मागे घेतले आणि ३५ हजार पौंडांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या सर्व निवृत्तांना भत्ता पुन्हा सुरू केला. बचत फारशी झाली नाही, शिव्या मात्र पूर्ण खाल्ल्या.

त्याच महिन्याच्या अखेरीस अपंगत्व भत्त्याच्या कपातीवरून स्वपक्षाच्या शंभराहून अधिक खासदारांनी बंडाचे निशाण उभारले. १ जुलै २०२५ रोजी मतदानाला दीड-दोन तास उरले असताना विधेयकाचा गाभाच काढून टाकावा लागला, आणि ते ३३५ विरुद्ध २६० मतांनी पुढे सरकले तरी मजूर पक्षाच्या ४९ खासदारांनी विरोधात मत दिले. वर्षापूर्वी याच नेतृत्वाने तिसऱ्या अपत्याचा भत्ता नाकारणाऱ्या नियमाविरुद्ध मत दिलेल्या सात खासदारांना पक्षाच्या संसदीय गटातून सहा महिन्यांसाठी बाहेर ठेवले होते. सातांना शिक्षा करता येते, एकशेवीसांना करता येत नाही.

आणि ते घाबरत का नाहीत? सभागृहातील निम्म्याहून अधिक सदस्य, म्हणजे ३३५, प्रथमच निवडून आलेले आहेत. मजूर पक्षाच्या नवख्या खासदारांपैकी अनेकांची जागा एक-दोन हजार मतांवर उभी आहे. हेंडनमध्ये तर पक्ष १५ मतांनी जिंकला आणि पूलमध्ये १८ मतांनी. अशा खासदाराला पक्षाच्या प्रतोदापेक्षा शनिवारी मतदारसंघातल्या भेटीला येणाऱ्या, थरथरत्या हाताने पत्र दाखवणाऱ्या वृद्धेची धास्ती अधिक वाटते. मोठे बहुमत असूनही सरकार डळमळते, ते या कारणाने: बहुमत एकसंध नाही, काठावरच्या शेकडो जागांची ती बेरीज आहे.

प्रश्न : पुढचे सरकार रिफॉर्मचे येणार, असे आता उघडपणे बोलले जाते. मजूर पक्ष सत्तेत असतानाच मतदानाची पद्धत बदलून हा धोका का टाळत नाही?

उत्तर : बोलले जाते, आणि ते बिनबुडाचे नाही. १ मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत रिफॉर्मने ६७७ जागा आणि केंट, डरॅमसह दहा परिषदांची सत्ता मिळवली. त्याच दिवशी रनकॉर्न अँड हेल्सबी येथे पोटनिवडणूक होती. तेथील मजूर खासदाराने रस्त्यात एका माणसाला ठोसे मारल्याने ती ओढवली होती. वर्षापूर्वी १४,६९६ मतांनी जिंकलेली ही जागा मजूर पक्षाने सहा मतांनी गमावली: १२,६४५ विरुद्ध १२,६३९. फेरमोजणी झाली, आकडा सहाच राहिला. कमी मतांत जास्त जागा देणारी पद्धत कोणा एका पक्षाची बांधील नसते. पुढच्या वेळी ३० टक्क्यांच्या आसपास रिफॉर्म असेल आणि विरोधी मते चौघांत वाटली गेली, तर नॉरफोकचेच गणित उलट्या बाजूने सुटेल.

मग पद्धत का बदलत नाहीत? मजूर पक्षाच्या अधिवेशनाने २०२२ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा (मतांच्या प्रमाणात जागा) ठराव मंजूर केला होता, पण नेतृत्वाने तो जाहीरनाम्यात घेतला नाही. ज्या शिडीने वर चढलो ती मोडायला कोणी तयार होत नाही, हे एक कारण. दुसरे असे की, २०११ मध्ये पसंतीक्रमाच्या पद्धतीवर सार्वमत झाले होते आणि जवळजवळ ६८ टक्के मतदारांनी ती फेटाळली होती. तो दाखला प्रत्येक वेळी पुढे केला जातो. सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलेली सुधारणा निराळीच आहे: मतदानाचे वय १८ वरून १६ वर आणणे. ते तरुण मजूर पक्षालाच मत देतील असे गृहीत धरणाऱ्यांनी ग्रीन आणि रिफॉर्म या दोघांची तरुणांतील वाढ पाहावी.

हुजूर पक्षाचे काय, असे एका पत्रात विचारले आहे. नोव्हेंबर २०२४ पासून केमी बेडनॉक नेत्या आहेत आणि अधिकृत विरोधी पक्षाचा दर्जा त्यांच्याकडे आहे. विरोधाचा आवाज मात्र २०२४ मध्ये पाच जागा जिंकलेल्या पक्षाकडून येतो. उजवी मते परत आणण्यासाठी फराज यांच्यासारखे बोलावे, तर दक्षिणेतील सुखवस्तू मतदार लिबरल डेमोक्रॅटांकडे कायमचे जातात. मवाळ बोलावे, तर उरलेले फराज यांच्याकडे. इकडे आड, तिकडे विहीर.

प्रश्न : पुढची सार्वत्रिक निवडणूक नेमकी केव्हा? (पोस्टकार्डावरील एका ओळीचा प्रश्न)

उत्तर : तारीख पंतप्रधान ठरवतात, संसदेची मुदत ठरवून देणारा २०११ चा कायदा २०२२ मध्ये रद्द झाल्यापासून तो अधिकार त्यांच्याकडे परत आला आहे. त्यांनी काहीच केले नाही, तर सध्याची संसद पहिल्यांदा भरली त्या ९ जुलै २०२४ पासून पाच वर्षांनी, ९ जुलै २०२९ रोजी, आपोआप विसर्जित होते आणि त्यानंतर कामाच्या २५ दिवसांनी मतदान घ्यावे लागते. देशाच्या कोणत्याही एका भागात सार्वजनिक सुटी असेल तर तो दिवस हिशेबातून वगळतात; त्यामुळे उत्तर आयर्लंडची १२ जुलैची आणि स्कॉटलंडची ऑगस्टमधील सुटी वजा करून शेवटची शक्य तारीख १५ ऑगस्ट २०२९ ही येते. तो बुधवार आहे. ब्रिटनमध्ये १९३५ पासून प्रत्येक सार्वत्रिक निवडणूक गुरुवारी झाली आहे. तो रिवाज पाळायचा झाला, तर ९ ऑगस्ट.